डोक्यावर मिटलेली वाट

भीमाशंकरच्या रानात चालायला आलेला माणूस बहुतेक वेळ पायाखाली बघत असतो. घाटात ते बरोबरच आहे. खांडसहून शिडी घाटाने चढताना नजर हटली की पाय सरकतो, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तर प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागतं. पण घाटाची चढण संपून वरचं जंगल सुरू झालं की मान वर करून चालायची सवय लावून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. या अभयारण्यातली एखादी वाट कुठल्या अवस्थेत आहे, हे वर बघितल्याशिवाय कळत नाही. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत शिरलेली असतील, चालणाऱ्याला आभाळ तुकड्यातुकड्यानेच दिसत असेल, तर ती वाट ठीक आहे. डोक्यावर आभाळाचा सलग पट्टा दिसू लागला की समजावं, इथे काहीतरी तुटलंय.

हे मला दाखवलं पदरवाडीच्या एका मामांनी. गणेश घाटाने वर निघालो होतो आणि ते आमच्या पुढे, डोक्यावर सामानाची पाटी घेऊन, आमच्या दुप्पट वेगाने चालले होते. एका वळणावर ते थांबले. पाटी हलू न देता त्यांनी एक हात वर केला आणि बोटाने वाटेच्या या काठावरून त्या काठापर्यंत हवेत एक रेघ ओढली. "खालची वाट आपली," ते म्हणाले, "वरची त्याची. वरची तुटली का ते खाली उतरतं. नि खाली उतरलं का कुत्रं धरतं." एवढं बोलून ते पुढे गेले. 'ते' म्हणजे शेकरू, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. त्या रानात तेवढं गृहीतच असतं.

शेकरू म्हणजे मोठी खार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर लांब, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट. वजन दीड-दोन किलो. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर पांढरं आणि शेपटीचा टोकाकडचा भाग इतका फिकट की गर्द पानांत आधी तोच नजरेत भरतो. विल्यम साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये या खारीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचं नाव तिला दिलं. आज शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, त्यात या प्राण्याचा वाटा फार मोठा होता. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून १३०.७८ चौरस किलोमीटरचं हे रान आहे. शेकरू फक्त भीमाशंकरलाच दिसतं, असं खूप जण खात्रीने सांगतात. ते खरं नाही. फणसाड, कोयना, राधानगरी, आंबोली इथल्या जंगलांतही शेकरू आहे. पण वाटेवर उभं राहून, दुर्बिणीशिवाय, ते निवांत बघायला मिळावं अशी भीमाशंकरसारखी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

गुप्त भीमाशंकरकडे जाणाऱ्या वाटेवर मी ते ओलांडताना पाहिलंय. भीमा नदी देवळाजवळ उगम पावते, काही अंतर जमिनीत लपते आणि या ठिकाणी पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. साक्षी विनायकाचं छोटं देऊळ ओलांडलं की गर्दी मागे पडते आणि दाट झाडीतली वाट सुरू होते. सकाळची वेळ होती. आधी आवाज आला. कोरडा, खडखडीत, भराभर टिपेला जाणारा. एवढ्याशा जनावरातून एवढा आवाज निघतो, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मग वाटेच्या डाव्या अंगाच्या जांभळावर पानं हलली आणि शेकरू एका आडव्या फांदीवरून चालत पुढे आलं. फांदीच्या बुंध्याकडे त्याची चाल जलद होती. फांदी जसजशी बारीक होत गेली तसतसं ते हळू झालं, पोट फांदीला लागेल इतकं खाली झुकलं. अगदी टोकाला, जिथे फांदी त्याच्या वजनाने वाकून वाटेच्या मध्यावर आली, तिथे ते थांबलं. मागच्या पायांनी पकड घट्ट केली, पुढचा भाग दोनदा पुढे-मागे झुलवला आणि सुटलं. शेपूट सरळ मागे, चारही पाय पसरलेले. पलीकडच्या अंजनीच्या डहाळ्यांत ते धपकन आदळलं, त्या डहाळ्या हातभर खाली गेल्या, वर आल्या, आणि तोवर ते खोडाच्या पाठीमागे निघूनही गेलं होतं. त्याने सोडलेली जांभळाची फांदी बराच वेळ हलत होती.

शेकरू सहा मीटरपर्यंत उडी मारू शकतं. हा आकडा मोठा वाटतो, पण रानात तो लहान आहे. दोन झाडांच्या शेंड्यांमधलं अंतर सहा मीटरच्या वर गेलं की शेकरूचा रस्ता तिथे संपतो. मग एक तर लांबचा वळसा, नाही तर खाली उतरणं. जमिनीवर ते अवघडून चालतं. त्याचं खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं सगळं वरच. फळं, बिया, कोवळी पानं, साल सगळं झाडावरच मिळतं. काटक्या आणि पानं गुंफून केलेली त्याची गोल घरटी उंच झाडाच्या बारीक फांद्यांत असतात, जड शिकारी जिथवर पोचू शकणार नाही अशा बेचक्यात. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. त्यातलं एखादं पिल्लासाठी, बाकीची झोपायला आणि लपायला. म्हणून भीमाशंकरला दिसलेली घरटी मोजून 'इतकी शेकरं' असा हिशेब करायचा नसतो.

हे रान फार उंच नाही. केरळ-कर्नाटकातल्या सदाहरित जंगलांच्या मानाने बुटकंच. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य झाडं. त्यांच्याबरोबर आंबा, हिरडा, बेहडा, उंबर. पावसाचं प्रमाण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने रानाला साठवलेल्या ओलीवर काढायचे असतात. ही ओल टिकते ती वरच्या छतामुळे. भर एप्रिलमध्ये, देवळाच्या बाजूला उन्हाने जीव नकोसा झालेला असताना, या झाडीत शिरलं की गारवा अंगाला लागतो. खोडांवर शेवाळ असतं, फांद्यांच्या बेचक्यांत आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, झुबके असतात. आणि जिथे तिथे वेली. त्यांतली गारंबी मला सर्वांत आवडते. मांडीएवढं जाड खोड पीळ घेत वर जातं, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, आणि हात-दीड हात लांबीच्या, बियांच्या जागी फुगलेल्या शेंगा वरून लोंबत असतात. दोन झाडांमध्ये उडी मारण्याइतकी जवळीक नसली तरी गारंबीचा वेल असला की शेकरूचं काम भागतं. आवळणारी वेल म्हणून ती तोडून टाकणारे लोक मी इतर रानांत पाहिलेत. इथे ती तोडणं म्हणजे पूल तोडणं.

आता माणसांच्या वाटांकडे येते. भीमाशंकरला मंचर, घोडेगाव, डिंभे असा डांबरी रस्ता आला, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे पायवाटा आहेत. कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटा या. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला यायचं. गावापुढे फाटा पडतो. एकीकडे शिडी घाट: ओढ्याच्या बाजूने सरळसोट चढ, लोखंडी शिड्या, एक-दोन ठिकाणी कड्याला बिलगून काढायचे टप्पे. दुसरीकडे गणेश घाट: लांबचा, ऐसपैस, वाटेत गणपतीचं देऊळ, पदरगडाच्या सुळक्यांना डावी-उजवी देत वर येणारा. दोन्ही वाटा पदरवाडीच्या सपाटीवर भेटतात आणि तिथून पुढे शेवटची खडी चढण गच्च रानातून आहे. मुरबाडच्या बाजूने खोपिवलीहून आहुपे घाट चढतो. पुण्याच्या बाजूने भोरगिरीहून भीमेच्या काठाकाठाने येणारी वाट आहे. तिच्यात घाट नाही, फक्त रान आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणात कोकणातली माणसं आजही खांडसच्या वाटेने चालत येतात. त्यांच्या पायात कधी ट्रेकिंगचे बूट नव्हते आणि त्यांच्यासाठी वाट कधी कुणी रुंद केली नव्हती.

देवळापाशी टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे. तिच्यावर १७२९ हे साल कोरलेलं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातल्या घंटांपैकी ही एक. देवळाचं शिखर नाना फडणवीसांनी बांधलं. मी त्या घंटेसमोर उभी राहते तेव्हा मला लढाईपेक्षा वाटेचाच विचार सुचतो. अरबी समुद्राच्या काठच्या चर्चमधली ती वजनदार घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर आली, ती कुठल्या तरी घाटाने माणसांनी आणि जनावरांनीच आणलेली असणार. इतकं ओझं चढवूनही या घाटवाटा दोन माणसांच्या रुंदीच्या पुढे गेल्या नाहीत.

याच अभयारण्याच्या उत्तरेकडच्या भागात सिद्धगड आहे. १९४२ च्या आंदोलनात माथेरानच्या भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून त्यांनी सरकारच्या नाकात दम आणला. पाठलाग सुरू झाल्यावर दस्त्याने सिद्धगडच्या रानाचा आसरा घेतला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठलं आणि भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी पहाटे तिथल्या स्मारकापाशी लोक जमतात. थंडीत, अंधारात, कर्जत-मुरबाडच्या गावागावांतून. सिद्धगडच्या माचीकडे चढताना मी नेहमी दोन्ही अंगांच्या झाडीकडे बघते. एवढ्या माणसांना आसरा देईल असं रान तेव्हा इथे होतं. काही ओढ्यांत ते अजून आहे, काही उतारांवर नाही.

वाट बिघडते कशी, हे मी सावकाश बघत आलेय. त्यासाठी कुऱ्हाड लागत नाही. पावसाळ्यात वाटेच्या मध्यावर चिखल होतो. चालणारा माणूस बूट वाचवायला वाटेच्या कडेने जातो. त्याच्यामागचा आणखी कडेने. एका पावसात हातभर रुंद वाट तीन हात होते. सुट्टीच्या दिवशी पन्नास-साठ जणांचा घोळका येतो, गप्पा मारत शेजारी-शेजारी चालतो, पुढच्याला मागे टाकायला बाजूने जातो, वळण वाचवायला थेट चढतो. या कडेच्या पट्ट्यात काय असतं? वीतभर उंचीची जांभळाची रोपं, अंजनीची रोपं, आंब्याची नुकतीच फुटलेली कोय. ती पायाखाली जातात. मोठी झाडं मात्र जागेवर असतात, त्यामुळे रान होतं तसंच आहे असं वाटतं. पुढे कधीतरी एखाद्या वादळी पावसात काठावरचं जुनं झाड कोसळतं. जंगलात झाड पडणं रोजचंच, त्याच्या जागी खाली वाट बघत थांबलेलं रोप वर जातं आणि भोक बुजतं. पण इथे खाली थांबलेलं कुणी नसतं. भोक तसंच राहतं. ऊन जमिनीपर्यंत येतं, गवत माजतं, घाणेरी घुसते, माती वाळते, उन्हाळ्यात वणवा या गवतातूनच आत शिरतो आणि काठावरचं आणखी एक झाड होरपळतं. आणि वर, दोन शेंड्यांमधलं अंतर सहा मीटरच्या पुढे जातं. हे सगळं व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, म्हणून कुणाच्याच नावावर ते लागत नाही.

वाटेचा रस्ता झाला की हेच दहापट वेगाने होतं. रस्त्याच्या डोक्यावर रान पुन्हा मिटत नाही. त्याला मिटू दिलं जात नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांमधल्या रस्त्यांवर सिंहपुच्छ माकडांसाठी झाडांना बांधलेले पूल लावले आहेत आणि माकडं ते वापरतात. चांगला उपाय आहे, जिथे तुटून गेलंय तिथे करायलाच हवा. पण जी वाट अजून वर मिटलेली आहे, तिथे आपल्याला फक्त एका ओळीत चालायचं आहे. चिखल असेल तर चिखलातून. मला हे इतकं साधं आणि इतकं महत्त्वाचं वाटतं की सोबत नवखी मंडळी असली की मी घाटाच्या पायथ्यालाच सांगून टाकते: बूट भरणार आहेत, भरू द्या.

गर्दीबद्दल माझी तक्रार भाविकांवर नाही. दर्शनाला आलेला माणूस पायऱ्या उतरतो, दर्शन घेतो, पायऱ्या चढतो. त्याची वाट ठरलेली असते. रानात शिरणारे आपण असतो, 'निसर्गप्रेमी' म्हणून. मोबाइलवर गाणी लावून चालणारे, नागफणी कड्याच्या टोकावर ड्रोन उडवणारे, शेकरूला शेंगदाणे दाखवून खाली बोलावणारे. यातलं शेवटचं सर्वांत वाईट. शेकरूला जमिनीवर यायला शिकवणं म्हणजे त्याच्या एकुलत्या एका संरक्षणावर पाणी सोडणं. पावसाळ्यात वनविभाग धबधब्यांकडच्या आणि घाटांतल्या काही वाटा बंद करतो, तेव्हा समाजमाध्यमांवर केवढा आरडाओरडा होतो. निसरड्या कड्यांवरचे अपघात हे त्यामागचं मुख्य कारण असतं. मला त्यात आणखी एक फायदा दिसतो. त्याच महिन्यांत रोपं रुजत असतात.

या रानात गावं आहेत, आणि रान टिकलंय त्यात त्यांचा हात आहे. महादेव कोळी समाजाच्या या वाड्या. भात, नाचणी, वरई एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून हिरडा. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोवळी, आठळी न धरलेली फळं उतरवतात, त्याला बाळहिरडा म्हणतात. कोंढवळच्या एका अंगणात मावशी हिरडा वाळवत होत्या. सारवलेल्या खळ्यावर हिरवट फळांचा थर पसरलेला, एका कडेला कालपरवाचा माल सुकून काळा पडलेला. त्यांनी दोन्हीतलं एकेक माझ्या तळहातावर ठेवलं. हिरवं फळ टणक आणि जड, काळं सुरकुतलेलं, हलकं, हलवलं तरी आतून वाजत नव्हतं. "वाजलं तर आठळी धरली," मावशी म्हणाल्या, "मग त्याला भाव नाही." त्यांच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, वर शेणमातीचा गिलावा. ही कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळा उतार एकदम जांभळा करून फुलते, बी टाकते आणि मरते. मेलेल्या काठ्या कुडाला. ज्यांची घरं कारवीवर आणि ज्यांचा पैसा हिरड्यावर उभा आहे, त्यांना झाड उभं राहण्यात रस असणारच. अभयारण्याच्या नियमांपायी या लोकांना जाच झाला, ताण आले, ते आजही पूर्ण मिटलेले नाहीत. पण वाटांचा विचार करताना त्यांना बाजूला ठेवून काहीच ठरवू नये, हे मी आग्रहाने म्हणेन. पडलेलं झाड वाटेतून किती तोडायचं आणि किती तसंच ठेवून खालून वाकून जायचं, हे त्यांना कळतं. मी एकदा विचारलं होतं की हे आडवं खोड पूर्ण का काढत नाही. उत्तर आलं, "काढलं का गाड्या येतील."

आहुप्याची देवराई बघितली की हे आणखी स्पष्ट होतं. देवाच्या नावाने राखलेलं रान, आत कुऱ्हाड नाही. बाहेरच्या उतारांवर झाडं विरळ झाली तरी आत झाडांचे घेर दोघांच्या कवेत मावत नाहीत. आतली वाट देवापाशी जाते आणि संपते. तिच्यावरून पुढे कुठे जायचं नसतं, म्हणून ती कधी मोठी झाली नाही.

रात्रीबद्दल थोडं. पावसाळ्यात इथल्या कुजणाऱ्या ओल्या लाकडांवर एक बुरशी वाढते आणि ती अंधारात हिरवट उजेड देते. पडलेली फांदी, पाचोळा, बुंध्याची साल, जिथे बुरशी आहे तिथे उजळते. टॉर्च विझवून डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटं गेली तरच दिसते, आणि लागोपाठच्या ओलीखेरीज ती टिकत नाही. म्हणजे पुन्हा छतच. पण मला त्याहून विलक्षण वाटते ती या रानातल्या भुंग्याची गोष्ट. लाकडात बीळ करून राहणाऱ्या भुंग्यांच्या इथे तीन जाती आहेत. एक दिवसा उडते, एक दिवसा आणि कधी चांदण्यात, तिसरी पार रात्रीची. हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभयारण्यात राहून त्यांचा अभ्यास केला. भुंग्याच्या बिळापाशी रंगीत पट्ट्या लावल्या, मग त्यांच्या जागा बदलल्या आणि रात्री परतणारा भुंगा कुठे जातो ते बघितलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की हा रात्रीचा भुंगा चंद्र नसताना, नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतो. आपल्याला तेव्हा सगळं करडं दिसतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वारस हे झाड पांढऱ्या सुगंधी फुलांनी भरतं, ती फुलं रात्री उमलतात आणि हे भुंगे त्यांच्यावर येतात. मध्यरात्री वारसाखाली उभं राहिलं तर गुणगुण ऐकू येते. भुंग्याला बीळ करायला वाळकं लाकूड लागतं. रानात उभं असलेलं मेलेलं झाड 'साफसफाई' म्हणून तोडायला निघालेल्या माणसाला मी ही गोष्ट सांगते. कधी पटते, कधी नाही.

मला कुणी विचारलं की एकच वाट सांग, तर मी भोरगिरीची सांगते. शिडी घाटाचा थरार तिच्यात नाही. कोकणकड्यावरून खाली पदरगड, तुंगी, पेठचा किल्ला असा पसारा दिसतो, तसं इथे काही दिसत नाही. भोरगिरीत कोटेश्वराचं जुनं देऊळ, मागे गडाची लहानशी टेकडी, शेजारून भीमा. पुढे पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जिच्या काठी लाखो माणसं उभी राहतात, ती इथे उडी मारून ओलांडता येते. गावाबाहेर पडलं की थोडी शेतं, मग माळ, मग झाडी दाटत जाते आणि गुप्त भीमाशंकरच्या अलीकडे बराच पट्टा असा आहे की डोक्यावर रान सलग मिटलेलं आहे. तिथे मी नेहमी वेग कमी करते. उजव्या काठावरची फांदी डाव्या काठावरच्या कुठल्या फांदीला भेटते, ते बघत चालते. काही फांद्यांची साल एकाच ठिकाणी घासून गुळगुळीत झालेली दिसते. ती त्यांची मळलेली वाट असावी, असं मला वाटतं.

हिवाळ्यात जावं, डिसेंबर ते फेब्रुवारी. पाऊस सरलेला असतो, वाट वाळलेली असते, त्यामुळे कडा तुडवल्या जात नाहीत. चार-पाच जणांहून मोठा घोळका नको. गावातलं कुणीतरी सोबत घ्यावं, त्याला रीतसर पैसे द्यावेत आणि जेवण गावातच सांगावं. नाचणीची भाकरी आणि ठेचा मिळाला तर आणखी काही मागू नये. राजगुरुनगरहून भोरगिरीला एसटी जाते, वेळ आधी विचारून घ्यावी. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम केलेला बरा, कारण शेकरू सकाळी लवकर हिंडतं आणि ऊन चढलं की फांदीवर पाय सोडून पडून राहतं. उजाडता उजाडता रानाच्या तोंडाशी असलात तर दहाच्या आत एखादं तरी दिसतं. नाही दिसलं तर दुपारी चारनंतर त्याच पट्ट्यात पुन्हा यावं.